युनियन, इलिनॉय: सहाशे वस्तीच्या गावाला दोन रेल्वे कशाला?

प्रश्नकर्ते मुलांना घेऊन अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या युनियन गावाचं रेल्वे म्युझियम पाहून आले. जुन्या विजेच्या गाडीत फेरफटका झाला. तिथल्या स्वयंसेवकाने सांगितलं, "ही गाडी धावतेय ती पट्टी एका बंद पडलेल्या इंटरअर्बनची (गावं-शहरं जोडणाऱ्या विजेच्या रेल्वेची) आहे, आणि शेजारचे रूळ चालू रेल्वेचे आहेत." त्यावरून त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. जेमतेम सहाशे वस्तीच्या गावातून एकाच दिशेने जाणाऱ्या दोन रेल्वे कशाला हव्या होत्या? त्यातली एक बंद पडली आणि दुसरी का टिकली? आणि आपण राहतो त्या भागातल्या अशाच एखाद्या गावाचा रेल्वेचा इतिहास शोधायचा असेल तर हात कुठून घालायचा?

माझी उमेदीची वर्षं मुंबईच्या डी.सी. ओव्हरहेडवर, म्हणजे गाड्यांना वीज देणाऱ्या डोक्यावरच्या तारांच्या कामात गेली. १५०० व्होल्टची तार, सबस्टेशनं, फीडर, रात्रीचे ब्लॉक हे सगळं अंगवळणी पडलेलं. अमेरिकेत आल्यावर शनिवार-रविवार जुन्या ट्रॉली लाइनींच्या तारांखाली जायला लागलो. त्यामुळे माझं उत्तर थोडं विजेकडे झुकणार, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी एक गैरसमज दूर करू. यातली एकही रेल्वे युनियनसाठी बांधलेली नव्हती. दोन्ही दुसरीकडे निघाल्या होत्या आणि युनियन वाटेत होतं. फरक एवढाच की पहिलीमुळे गाव वसलं आणि दुसरी आली तेव्हा गाव आधीच वसलेलं होतं. हा फरक डोक्यात ठेवला की पुढचं बरंच आपोआप उलगडतं.

पहिली रेल्वे म्हणजे गलिना अँड शिकागो युनियन रेलरोड. सनद मिळाली १८३६ साली. उद्देश होता वायव्य इलिनॉयमधल्या गलिना गावाच्या शिशाच्या खाणी शिकागोला जोडायचा. पण १८३७ च्या मंदीत सगळं बासनात गेलं आणि दहा-एक वर्षं काहीच हललं नाही. मग शिकागोचे पहिले महापौर विल्यम ऑग्डेन यांनी ते पुन्हा हाती घेतलं. पूर्वेकडच्या सावकारांनी दाद दिली नाही. शिकागोतल्या किरकोळ दुकानदारांचाही विरोध होता. रेल्वे झाली तर धान्य घेऊन गावात येणारा शेतकरी येणार नाही आणि आपला धंदा बुडेल, असं त्यांना वाटत होतं. तेव्हा ऑग्डेन आणि त्यांचे सहकारी घोड्यावर बसून मार्गावरच्या वस्त्यांमध्ये फिरले आणि शेतकऱ्यांना हप्त्याने शेअर विकले. म्हणजे या लाइनीतला बराच पैसा तिच्या कडेच्या शेतांतून आला आहे. पुढे विजेची रेल्वे आली तेव्हा शेतकऱ्यांचा ओढा जुन्या रेल्वेकडेच का राहिला, त्याला अर्थात इतरही कारणं आहेत, पण हे मूळ विसरू नये.

२५ ऑक्टोबर १८४८ ला 'पायोनियर' नावाचं जुनं, दुसऱ्याच्या हातचं इंजिन शिकागोतून पश्चिमेला निघालं. शिकागोतून सुटलेली ही पहिली रेल्वेगाडी. ते इंजिन शिकागोच्या इतिहास संग्रहालयात आजही आहे, जरूर बघा. आकार बघून हसू येतं. १८५० च्या सुरुवातीला लाइन एल्जिनला पोचली, १८५२ मध्ये रॉकफर्डला, १८५३ मध्ये फ्रीपोर्टला. ज्या गावाचं नाव लावून कंपनी काढली त्या गलिनाला मात्र ती कधीच पोचली नाही. फ्रीपोर्टपासून पुढचं काम इलिनॉय सेंट्रलने केलं.

एल्जिन ते बेल्व्हिडियर या टप्प्यात स्टेशनं कशी आहेत पाहा: गिल्बर्ट्स, हंटली, युनियन, मरेंगो, गार्डन प्रेअरी. साधारण पाच-सहा मैलांना एक. हे अंतर कुणी नकाशावर हौसेने आखलेलं नाही. शेतकऱ्याने सकाळी दूध किंवा धान्य घेऊन घोडागाडी जुंपावी आणि दुपारपर्यंत घरी परतावं, एवढ्या टप्प्यात स्टेशन असलं तरच माल रेल्वेला मिळणार. युनियन हे त्या हिशोबातून पडलेलं गाव. स्टेशन, त्याच्या बाजूला धान्याचं कोठार, लाकडाचा अड्डा, एक-दोन दुकानं, मग चर्च. मिडवेस्टात अशी शेकडो गावं आहेत आणि वरून पाहिलं तर रस्त्यांची चौकट बऱ्याचदा रुळाला काटकोनात असते, दिशांना नसते. युनियनचा जुना भाग नकाशावर उघडा आणि हे ताडून पाहा.

या टापूचा खरा माल दूध होता. एल्जिनहून शिकागोला रेल्वेने दूध जायला लागलं १८५२ साली, आणि १८६५ मध्ये गेल बोर्डन यांनी एल्जिनला आटवलेल्या दुधाचा कारखाना काढला. पुढे एल्जिनच्या बाजारात दर आठवड्याला ठरणारा लोण्याचा भाव देशभर प्रमाण मानला जायचा. आता असं बघा की दूध रोज निघतं, नासतं आणि जड असतं. पहाटेची गाडी चुकली तर त्या दिवसाचं उत्पन्न गेलं. म्हणून अशा गावांच्या स्टेशनावर दुधाच्या कॅनसाठी डब्याच्या दाराच्या उंचीचा वेगळा लाकडी चौथरा असे. गावातला सकाळचा सगळा राबता तिथे. ही रेल्वे १८६४ साली शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्नमध्ये विलीन झाली, आणि 'नॉर्थ वेस्टर्न' हेच नाव पुढची १३० वर्षं गावकऱ्यांच्या तोंडी राहिलं. (मुंबईकरांना आवडेल असा एक तपशील: अमेरिकेत दुहेरी मार्गावर गाड्या उजवीकडून चालतात, पण नॉर्थ वेस्टर्न आपल्यासारखी डावीकडून चालवायची. शिकागोच्या काही उपनगरी मार्गांवर आजही तसंच चालतं.)

आता दुसरी रेल्वे. इंटरअर्बन म्हणजे शहरातल्या ट्रामचं मोठं, दणकट, वेगवान रूप. शहरात ती रस्त्यातल्या रुळांवरून ट्रामसारखी चालायची, गावाबाहेर पडली की स्वतःच्या पट्टीवरून वेगाने धावायची आणि पुढच्या गावात पुन्हा रस्त्यात उतरायची. बहुधा एकच डबा, त्यात पुढे थोडं सामान आणि मागे माणसं. साधारण तासाला एक गाडी. शेताच्या बांधावर हात केला तरी थांबणारी. मराठी माणसाला एका वाक्यात सांगायचं तर ती रुळावरची एसटीची लाल गाडी होती. वाफेची रेल्वे दिवसातून दोन-तीनदा येणार, मोठ्या स्टेशनावरच थांबणार आणि कपड्यांवर काजळी देणार. त्या काळी शाळेला, बाजाराला, नाटकाला, दवाखान्यात जायचं तर इंटरअर्बन म्हणजे मोठीच सोय होती.

१९०१ ते १९०८ या काळात अमेरिकेत या लाइनींचं अक्षरशः पेव फुटलं. सर्वात जास्त ओहायोत, त्याखालोखाल इंडियानात. १९१६ च्या सुमारास देशभरात साडेपंधरा हजार मैलांच्या आसपास इंटरअर्बन होत्या. भागभांडवल गोळा करणाऱ्यांपैकी कित्येकांनी रेल्वे कधी चालवलेलीच नव्हती. नकाशावर दोन शहरांमध्ये रेघ मारली, मधली गावं मोजली, प्रत्येक माणूस वर्षाला इतके फेरे मारेल असा अंदाज बांधला की झाली योजना.

युनियनमधून गेलेली एल्जिन अँड बेल्व्हिडियर इलेक्ट्रिक कंपनी मात्र त्या जातकुळीतली नव्हती. तिच्यामागे बायन जे. अर्नोल्ड होते. वीज आणि रेल्वे या विषयात त्या काळी अमेरिकेत जी चार-पाच नावं पहिल्यांदा घेतली जात त्यांतलं हे एक. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातल्या विजेच्या उन्नत रेल्वेवर त्यांनी काम केलं, न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलच्या विद्युतीकरणावर ते सल्लागार होते, अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचे ते अध्यक्ष होते. असा माणूस स्वतःच्या मालकीची ३६ मैलांची लाइन बांधतो तेव्हा बांधकाम कच्चं नसणार हे उघड आहे. १९०७ मध्ये ती सुरू झाली. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत विजेची ट्राम धावली. तारेला टेकणारा दांडा, त्याच्या टोकाचं चाक, खाली लोंबणारी दोरी, हे सगळं दोन्हीकडे एकाच पद्धतीचं.

जागेवरचं चित्र असं. नॉर्थ वेस्टर्नची लाइन जिथून जाते तिथूनच, बऱ्याच अंतरात तिच्या अगदी शेजारून, अर्नोल्ड यांची लाइन गेली. कारण सरळ आहे. वाफेच्या रेल्वेने सपाट, कमी चढाची वाट पन्नास वर्षांपूर्वीच शोधून ठेवली होती आणि गावंही तिच्याच कडेला वसली होती. एल्जिनला उतरून प्रवासी तिथून अरोरा, एल्जिन अँड शिकागोच्या गाडीने थेट शिकागोच्या मध्यावर, वेल्स स्ट्रीटला पोचायचा. दुसऱ्या टोकाला बेल्व्हिडियरहून रॉकफर्डची इंटरअर्बन मिळायची आणि तिच्या जोरावर पुढे फ्रीपोर्ट, किंवा उत्तरेला विस्कॉन्सिनमधलं जेन्सव्हिल. युनियनच्या माणसाला गाड्या बदलत बदलत, कोळशाचा धूर न खाता, तीन-चार काउंट्या (म्हणजे जिल्हे) ओलांडता येत होत्या.

आता विजेचं गणित, कारण त्याशिवाय या लाइनींचा खर्च समजत नाही. तारेत ६०० व्होल्ट डी.सी. बोटभर जाडीपेक्षा थोडी कमी, तांब्याची, ज्याला इकडे 'फोर-ऑट' म्हणतात ती तार धरली तर तिचा रोध मैलाला साधारण पाव ओहम. सबस्टेशनपासून पाच मैलांवर एक गाडी २०० अँपिअर ओढत असेल तर नुसत्या तारेतच अडीचशेच्या वर व्होल्ट पडतात. ६०० पैकी गाडीला मिळणार साडेतीनशे. दिवे पिवळे पडणार, गाडी रांगणार. मुंबईत आमच्याकडे १५०० व्होल्ट होते तरी सबस्टेशनं जवळजवळ लागायची. इथे तर ६०० च. उपाय दोन. तारेच्या जोडीने खांबांवरून तांब्याचा जाड फीडर न्यायचा, किंवा आठ-दहा मैलांना एक सबस्टेशन बांधायचं. सबस्टेशनात उच्च दाबाची ए.सी. यायची आणि रोटरी कन्व्हर्टर नावाचं फिरतं यंत्र तिची डी.सी. करायचं. ते यंत्र आपापलं चालत नाही, त्याच्यावर माणूस बसवावा लागतो. म्हणून पुष्कळ कंपन्यांनी सबस्टेशन आणि स्टेशन एकाच इमारतीत ठेवलं; यंत्र सांभाळणाराच खिडकीतून तिकीट द्यायचा. काटकसरीची ही युक्ती मला फार आवडते. मिडवेस्टात एखाद्या लहान गावात उंच खिडक्यांची, मजबूत विटांची, गावाच्या मानाने भलतीच भारदस्त अशी इमारत दिसली आणि आता तिच्यात गॅरेज किंवा दुकान असेल, तर ती इंटरअर्बनचं सबस्टेशन असण्याची शक्यता तपासून बघा.

परतीचा प्रवाह रुळांतून जातो. दोन रूळ फिशप्लेटने जोडलेले असतात, पण तो सांधा गंजतो आणि वीज अडते. म्हणून प्रत्येक सांध्यावर तांब्याचा बाँड, म्हणजे वीज पलीकडच्या रुळात नेणारी जोडतार मारायची, रुळाला भोक पाडून ठोकून किंवा वितळवून चिकटवून. मैलभर लाइनीत असे कितीतरी सांधे, आणि एखादा बाँड तुटला तर लगेच कळत नाही. गाडी त्या टप्प्यात मंद का होते याचा शोध घेत चालत जावं लागतं. मुंबईत हे बाँड चोरीला जायचे. इकडच्या म्युझियममध्ये चोरी नाही, पण हिवाळ्यातल्या गोठण्या-वितळण्याने सैल पडतात. काम तेच.

एकेरी मार्गावर दोन्ही दिशांनी गाड्या चालवायच्या म्हणजे ठरलेल्या सायडिंगवर (बाजूच्या जादा रुळावर) थांबून समोरची गाडी जाऊ द्यायची. सिग्नलवर खर्च करायची बहुतेक इंटरअर्बन कंपन्यांची ऐपत नसे. मोटरमन खांबावरच्या फोनवरून डिस्पॅचरला (गाड्यांचं नियंत्रण करणाऱ्याला) विचारी, हुकूम लिहून घेई, परत वाचून दाखवी. एक हुकूम चुकला की समोरासमोर टक्कर. १९१० साली इंडियानात किंग्जलंडजवळ नेमकं हेच झालं आणि चाळीसहून जास्त माणसं गेली. लाकडी डबे एकमेकांत घुसले होते. त्यानंतर पोलादी डबे आणि सिग्नल यांचा आग्रह वाढला, आणि खर्चही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. "मोटार आली आणि इंटरअर्बन बुडाली" हे उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे. मोटार तर वाफेच्या रेल्वेच्याही शेजारून धावत होती. माझ्या मते एल्जिन-बेल्व्हिडियरचा पाया पहिल्याच वर्षी कच्चा राहिला होता, आणि त्यात बांधकामाचा काही दोष नव्हता.

१९०७ मध्येच इलिनॉयच्या विधिमंडळाने रेल्वेभाड्याची कमाल मर्यादा मैलाला दोन सेंट ठरवणारा कायदा केला. इंटरअर्बनचं मोठं आकर्षण स्वस्त भाडं हेच होतं. शेजारच्या रुळावरची, दमदार, थेट शिकागोला जाणारी गाडीही आता दोन सेंटात नेणार म्हटल्यावर विजेच्या गाडीकडे उरलं काय? वारंवारता आणि जागोजागी थांबणं. हे दोन गुण खरे होते, पण दोन्ही पुढे मोटारीने आणि बसने जास्त चांगले करून दाखवले. त्याच वर्षाच्या अखेरीला न्यूयॉर्कच्या बँकांमध्ये जी घबराट झाली तिने नव्या इंटरअर्बनसाठी पैसा मिळणं अवघड करून टाकलं, त्यामुळे जाळं वाढून लांबचा प्रवास हाती येण्याची आशाही मावळली.

आणि मुख्य गोष्ट, माल. धान्याचं कोठार, कोळसा, लाकूड, दूध यांचे व्यवहार पन्नास वर्षं नॉर्थ वेस्टर्नशी जुळलेले. कोठाराच्या दारात सायडिंग त्यांची. वॅगन तिथे भरली की ती देशात कुठेही जाऊ शकते. इंटरअर्बनला असा माल घ्यायचा तर वॅगन शहरातल्या रस्त्यांमधून, चौकातल्या आवळ वळणांवरून न्यावी लागणार. मोठी वॅगन त्या वळणात बसत नाही, आणि बसली तरी नगरपालिका रस्त्यातून मालगाडी जाऊ देत नाही. ज्या मोजक्या इंटरअर्बन पुढे तगल्या त्यांचा इतिहास पाहा: इंडियानाकडे जाणारी साउथ शोअर, इलिनॉय टर्मिनल, आयोवातली सीडर रॅपिड्स अँड आयोवा सिटी. तिघींकडे खरा मालवाहतुकीचा धंदा होता, आणि इलिनॉय टर्मिनलने तर शहरांना वळसा घालणारे वेगळे मार्ग बांधले. युनियनच्या विजेच्या लाइनीला तशी संधीच नव्हती, कारण तिच्या शेजारीच तो सगळा माल उचलणारी रेल्वे उभी होती.

बाकी गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये साडेआठशे डॉलरला होती, १९२५ पर्यंत तीनशेच्या खाली आली. १९१८ मध्ये इलिनॉयने पक्क्या रस्त्यांसाठी सहा कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले. युनियनच्या दक्षिणेकडून जाणारा काँक्रीटचा रस्ता १९२६ पासून यू.एस. २० म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि तोही जातो एल्जिन, मरेंगो, बेल्व्हिडियर असाच. म्हणजे एकाच वाटेवर तिसरा स्पर्धक. १९३० मध्ये एल्जिन-बेल्व्हिडियर बंद झाली; पलीकडची रॉकफर्डची लाइनही त्याच सुमारास संपली. बंद पडलेल्या इंटरअर्बनची विल्हेवाट ठरलेली असे. आधी तार आणि फीडर उतरवायचे, कारण तांब्याला भाव. मग रूळ भंगारात, डबे कुणाच्या शेतावर कोंबड्यांचं खुराडं नाहीतर रस्त्याकडेचं खानावळीचं खोपटं म्हणून. उरते ती मातीची पट्टी.

आणि ही पट्टीच युनियनच्या पुढच्या कहाणीचं कारण आहे. चालू रेल्वेला चिकटून पडलेला लांब, अरुंद तुकडा नांगराला गैरसोयीचा, घर बांधायला निरुपयोगी. तीस-पस्तीस वर्षं तो तसाच राहिला. दरम्यान १९५३ मध्ये शिकागोच्या परिसरातल्या दहा जणांनी प्रत्येकी शंभर डॉलर काढून एक डबा विकत घेतला. इंडियाना रेलरोडचा ६५ नंबरचा, १९३१ सालचा हलका, वेगवान डबा. मूळ कंपनी बुडाल्यावर तो आयोवात सीडर रॅपिड्सच्या लाइनीवर धावला आणि तिथलीही प्रवासी सेवा १९५३ मध्ये संपली, तेव्हा या मंडळींनी त्याला भंगारातून वाचवलं. नॉर्थ शिकागोमधल्या एका फाउंड्रीच्या आवारात तो उभा राहिला, मग आणखी डबे आले. पण तिथे ते चालवायला लाइन नव्हती. जानेवारी १९६३ मध्ये शिकागो-मिलवॉकी दरम्यानची नॉर्थ शोअर लाइन बंद पडली आणि चांगले डबे एकदम बाजारात आले. जागा तर हवीच होती.

मोठ्या रेल्वेला जोडता येईल, शहरापासून दूर असेल, सपाट असेल आणि गाडी चालवता येईल इतकी लांब असेल अशी जमीन कुठे मिळणार? युनियनच्या शिवारात. १९६४ मध्ये म्युझियम इथे आलं आणि १९६६ पासून लोकांना गाडीत बसवायला लागलं. (योगायोग असा की मुंबईची शेवटची ट्रामही १९६४ मध्येच, ३१ मार्चला धावली. मुंबईत खुराड्यापुरतेही डबे राखले गेले नाहीत, हे लिहिताना चिडचिड होते ती होतेच.) आज जवळजवळ पाच मैलांची मुख्य लाइन स्वयंसेवकांनी पुन्हा घातली आहे, वर ६०० व्होल्टची तार आहे, आणि अमेरिकेतलं हे सर्वात मोठं रेल्वे म्युझियम मानलं जातं. नॉर्थ शोअरची १९४१ सालची इलेक्ट्रोलायनर तिथे आहे, शिकागो अरोरा अँड एल्जिनचे (अरोरा, एल्जिन अँड शिकागोचंच हे पुढचं नाव) डबे आहेत, इलिनॉय टर्मिनलचे आहेत. म्हणजे एल्जिनला गाडी बदलून युनियनचा माणूस ज्या कंपनीच्या डब्यात बसायचा, त्या कंपनीचे डबे आता त्याच्या गावात आले.

शेजारच्या रेल्वेमुळे ही इंटरअर्बन उपाशी राहिली, आणि शेजारच्या रेल्वेमुळेच तिची पट्टी म्युझियमला सोयीची ठरली. दोन मैल आडबाजूला असती तर आज तिथे मका असता.

पुन्हा गेलात तर दोन गोष्टी जवळून बघा. एक, म्युझियममध्ये गाडीत चढता ते 'ईस्ट युनियन' स्टेशन. ही इमारत गलिना अँड शिकागो युनियनने १८५१ मध्ये मरेंगोला बांधली होती. १९६७ मध्ये ती उचलून इथे आणली. पोटमाळा नाही, शोभा नाही, लाकडी फळ्यांची साधी पेटी. गाव वसायच्या वेळची रेल्वे गरीब होती, हे तिच्याकडे पाहून कळतं. दुसरी गोष्ट, लाइनीच्या टोकाला गाडी थांबल्यावर कंडक्टर काय करतो ते. तो खाली उतरतो, मागच्या बाजूची दोरी धरून दांडा तारेवरून खाली ओढून आकड्यात अडकवतो, मग दुसऱ्या टोकाचा दांडा सोडतो आणि अंधुक आकाशावर बारीक रेघ दिसणाऱ्या तारेला टोकाचं खोबणीदार चाक किंवा शू नेमका टेकवतो. दोरीचं दुसरं टोक डब्याच्या अंगावरच्या गोल डबीत जातं. त्या डबीत स्प्रिंग असते. धावताना दांडा तारेवरून निसटला तर वर उसळून आडव्या तारा तोडेल. तसं होण्याआधी स्प्रिंग दोरी खाली खेचून घेते. लहान मुलांना हे दाखवा, त्यांना फार मजा वाटते.

तिसरा प्रश्न, शोध कसा घ्यायचा. गावातल्या जाणत्या माणसांपासून सुरुवात करावी असं सगळे सांगतात. मी ते शेवटी ठेवतो. इंटरअर्बन १९३० मध्ये बंद झाली असेल तर तिच्यात बसलेलं कुणी आता भेटणं कठीण, आणि ऐकीव गोष्टींमध्ये दोन कंपन्या हटकून एक होतात. आधी जमीन वाचा. काउंटीच्या संकेतस्थळावर मालमत्तेच्या हद्दींचा नकाशा फुकट असतो. त्यात रुळाला समांतर जाणारा लांब, अरुंद तुकडा किंवा शेतांच्या हद्दींना कारण नसताना पडलेली तिरपी चीर दिसली की तिथे काहीतरी होतं असं समजा. मग १९३७ ते १९४७ दरम्यानची इलिनॉयची विमानातून घेतलेली छायाचित्रं पाहा. राज्याने ती सगळ्यांना खुली केली आहेत. लाइन उखडून तेव्हा फार वर्षं झालेली नसतात, त्यामुळे वण स्पष्ट दिसतो. आजच्या उपग्रहचित्रात तो नांगरटीखाली पुसला गेलेला असतो.

कागदांमध्ये सर्वात भरवशाचे म्हणजे आंतरराज्य वाणिज्य आयोगाने (इंटरस्टेट कॉमर्स कमिशन) करवून घेतलेले मूल्यांकनाचे नकाशे. १९१३ च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांच्या प्रत्येक पुलाची, मोरीची, शेडची मोजदाद झाली आणि ते कागद राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. वाफेच्या रेल्वेसाठी ते सोनं आहे. शुद्ध विजेच्या लाइनींबाबत मात्र नशिबावर अवलंबून. त्यांच्यासाठी त्या काळची विजेच्या रेल्वेची व्यावसायिक साप्ताहिकं चाळा. कोणी किती डबे मागवले, सबस्टेशन कुठे उभारलं, हे त्यात छापून येई. आग विम्यासाठी काढलेले सॅनबॉर्न नकाशे स्टेशनभोवतीच्या इमारती त्यांच्या आकारानिशी आणि वापरानिशी दाखवतात. स्थानिक वर्तमानपत्रांत बातमीपेक्षा जाहिरात आणि वेळापत्रक वाचा. बातमीदाराला "लवकरच लाइन सुरू होणार" असं लिहायची घाई असते आणि अशा कितीतरी लाइनी कागदावरच राहिल्या. वेळापत्रक छापलं की गाडी खरंच धावत होती असं धरायला हरकत नाही.

एवढं झाल्यावर प्रत्यक्ष जागेवर जा, शक्यतो मार्च-एप्रिलमध्ये, गवत वाढायच्या आत. ओढ्यांजवळ बघा. मातीचा भराव शेतकरी सपाट करतो, पण काँक्रीटची मोरी काढायच्या फंदात कुणी पडत नाही.

युनियनला जाल तेव्हा एक पथ्य पाळा. शेजारची लाइन १९९५ पासून युनियन पॅसिफिक या मोठ्या रेल्वे कंपनीची आहे आणि चालू आहे. बेल्व्हिडियरला १९६५ मध्ये क्रायस्लरचा कारखाना निघाला, त्या मोटारींच्या मालगाड्यांवर ही लाइन कित्येक वर्षं टिकली. २०२३ मध्ये कारखाना थांबला तरी लाइन उखडलेली नाही. उलट शिकागोहून एल्जिन, हंटली, बेल्व्हिडियर मार्गे रॉकफर्डला प्रवासी गाडी पुन्हा सुरू करायचं राज्याने ठरवलं आहे आणि ती मेट्रा (शिकागोची उपनगरी रेल्वे) चालवणार आहे. युनियनला थांबा त्यात नाही. इकडे रेल्वेची पट्टी खासगी मालमत्ता असते, फोटोसाठी रुळांवर उतरलात तर दंड होतो. फाटकावरच्या सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून दोन्ही लाइनी एकाच फोटोत येतात.